वसईचा किनारा : वाळू आणि गाळाचा इतिहास

उत्तरेला वैतरणा नदीचे मुख, दक्षिणेला उल्हास नदी जिथे समुद्राला मिळते ती वसईची खाडी, पूर्वेला तुंगारेश्वर व जीवदानीचे डोंगर आणि पश्चिमेला अरबी समुद्र, अशा चौकटीत वसई-विरारची भूमी वसलेली आहे. यांपैकी डोंगर सह्याद्रीच्याच काळ्या पाषाणाचे, म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखी उद्रेकांतून बाहेर आलेल्या लाव्हाचे आहेत. डोंगर आणि समुद्र यांच्यामधील सपाट प्रदेशाचे मूळ मात्र निराळे आहे. हा प्रदेश बव्हंशी नद्यांनी आणलेल्या आणि लाटा, भरती व प्रवाह यांनी पसरवलेल्या वाळूचा व चिखलाचा बनला आहे. पृथ्वीच्या कालगणनेत तो अगदी अलीकडचा, गेल्या काही हजार वर्षांतील म्हणावा लागेल.

समुद्रतळ, किनारा आणि तेथे साचणारे गाळाचे थर यांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्राला सागरी भूविज्ञान म्हणतात. खोल समुद्रातील तेलसाठे आणि खनिजे एवढ्यापुरतेच हे शास्त्र मर्यादित आहे, असा सर्वसाधारण समज आहे. वसई-विरारसारख्या लाखोंच्या वस्तीच्या शहरात मात्र विहिरीला गोडे पाणी कोठे लागेल, पावसाचे पाणी कोठे तुंबेल, इमारतीचा पाया किती खोल न्यावा लागेल आणि किनारा कोठे ढासळेल, या रोजच्या प्रश्नांची उत्तरेही याच शास्त्रात दडलेली आहेत.

थरांची भाषा

गाळाचा प्रत्येक थर ज्या परिस्थितीत साचला, तिची खूण आपल्यापाशी जपून ठेवतो. वेगवान पाण्यात किंवा लाटांच्या माऱ्यात बारीक चिखल टिकत नाही. तेथे वाळू आणि शिंपल्यांचे तुकडे मागे राहतात. उलट, खाडीच्या आतल्या शांत पाण्यात चिकणमातीचे अतिसूक्ष्म कण सावकाश खाली बसतात. काळपट चिखलात तिवरांची मुळे किंवा कुजलेले लाकूड सापडले, तर तेथे कधीकाळी भरतीचे पाणी खेळत होते असे समजावे. खाली चिखल आणि वर वाळू असा क्रम आढळला, तर एके काळी आडोशाला असलेली जागा पुढे लाटांच्या टप्प्यात आली, असा अर्थ निघतो.

हे थर वाचण्यासाठी शास्त्रज्ञ समुद्रतळात पोकळ नळी खुपसून गाळाचा उभा नमुना काढतात. पाण्याची खोली ध्वनिलहरींच्या साहाय्याने मोजली जाते. कमी कंप्रतेच्या ध्वनिलहरी तळाच्या आत शिरून खालच्या थरांवरून परावर्तित होतात, त्यामुळे गाळाखाली पुरलेल्या जुन्या नदीपात्रांचाही माग लागतो. फोरॅमिनिफेरा या सूक्ष्म सागरी जीवांची कवचे, वनस्पतींचे परागकण आणि लाकूड वा शिंपल्यांतील किरणोत्सारी कार्बन यांवरून थराचे वय व तत्कालीन हवामान यांचा अंदाज बांधता येतो.

भारतात या अभ्यासाला आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेमुळे गती मिळाली. या मोहिमेनंतर १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेची स्थापना झाली. गोव्यातील दोनापावल येथे तिचे मुख्यालय आहे. १९७६ मध्ये या संस्थेला ‘गवेषणी’ हे जहाज मिळाले. १९८३ मध्ये ‘सागरकन्या’ हे संशोधन जहाज देशाच्या सेवेत आले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाची स्वतंत्र सागरी शाखा असून तीही आपल्या जहाजांतून समुद्रतळाचे नकाशे तयार करते.

समोरचा समुद्रतळ

अर्नाळा किंवा भुईगावच्या पुळणीवर उभे राहिल्यास समोर दिसणारा समुद्र प्रत्यक्षात फार उथळ आहे. शालेय भूगोलात ज्याला समुद्रबूड जमीन म्हणतात, तो भूखंडमंच मुंबईसमोर सुमारे ३०० किलोमीटर रुंद आहे. केरळकडे जाताना त्याची रुंदी ६० किलोमीटरच्या आसपास येते. त्यामुळे उत्तर कोकणच्या किनाऱ्यापासून बरेच अंतर गेले तरी तळ अगदी मंद उताराने खाली जातो.

किनाऱ्यालगतचा तळ प्रामुख्याने चिखलाचा आहे. नर्मदा आणि तापी या नद्या खंबातच्या आखातात प्रचंड गाळ ओततात. त्यात वैतरणा, उल्हास आणि कोकणातील लहान नद्यांच्या गाळाची भर पडते. या चिखलात माँटमोरिलोनाइट या गटातील मृदाखनिजाचे प्रमाण मोठे आहे. पाणी शोषून फुगणारे आणि वाळल्यावर भेगाळणारे हे खनिज दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या झिजेतून तयार होते. विदर्भ-मराठवाड्यातील कपाशीच्या काळ्या रेगूर मातीचा गुणधर्मही यामुळेच घडतो. थोडक्यात, वसईच्या खाडीतील चिखल आणि पठारावरील काळी माती ही एकाच कुळातील आहेत.

आणखी पश्चिमेला गेल्यावर चिखल विरळ होतो आणि तळाचे रूप बदलते. साधारण ६० ते ९० मीटर खोलीवर चुनखडीयुक्त वाळूचे विस्तीर्ण पठार लागते. सागरी नकाशांत ते ‘पन्नास वावांचे पठार’ या अर्थाच्या इंग्रजी नावाने ओळखले जाते. तेथे चुन्याचे वाटोळे, गुळगुळीत कण मोठ्या प्रमाणात आढळतात. असे कण केवळ अत्यंत उथळ, उबदार आणि लाटांनी ढवळलेल्या पाण्यातच तयार होऊ शकतात. आज ते इतक्या खोलवर आहेत, याचा अर्थ ते तयार झाले तेव्हा समुद्रच तेवढा खाली होता.

याच भूखंडमंचावर, मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर अंतरावर ‘सागर सम्राट’ या जहाजाने केलेल्या खोदाईतून १९७४ मध्ये बॉम्बे हायचे तेलक्षेत्र सापडले. तेथील तेल मुख्यत्वे मायोसीन काळातील चुनखडकाच्या थरांत साठले आहे. तळाच्या पृष्ठभागावरील चुनखडी वाळू काही हजार वर्षांपूर्वीची, तर तेलाचा चुनखडक कोट्यवधी वर्षांपूर्वीचा. पण दोन्ही उथळ समुद्राचीच अपत्ये होत.

समुद्र आत आला तेव्हा

सुमारे २० हजार वर्षांपूर्वी हिमयुग ऐन भरात असताना पृथ्वीवरील पाणी मोठ्या प्रमाणात बर्फाच्या रूपात ध्रुवप्रदेशांजवळ अडकून पडले होते. जगभरातील समुद्रपातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. त्या काळी अरबी समुद्राचा किनारा आजच्या वसईपासून दोनशे किलोमीटरहून अधिक पश्चिमेस होता. वैतरणा आणि उल्हास या नद्यांना समुद्र गाठण्यासाठी तेवढा जास्तीचा सपाट प्रदेश ओलांडावा लागत असे.

पुढे बर्फ वितळू लागले. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये मांडलेल्या आलेखानुसार, भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर सुमारे १४,५०० वर्षांपूर्वी समुद्र आजच्यापेक्षा १०० मीटर खाली होता. १२,५०० वर्षांपूर्वी तो ८० मीटर खाली या पातळीला आला आणि तेथे सुमारे अडीच हजार वर्षे जवळपास स्थिरावला. त्यानंतर मात्र तो झपाट्याने चढला आणि सुमारे ७ हजार वर्षांपूर्वी आजच्या पातळीजवळ पोहोचला. त्यापुढील चढउतार त्या मानाने किरकोळ आहेत. ८० मीटरांची ही चढण सुमारे तीन हजार वर्षांत झाली. तळाचा मंद उतार लक्षात घेतला, तर किनारा दरवर्षी ढोबळमानाने पन्नास मीटर किंवा त्याहून अधिक वेगाने पूर्वेकडे सरकत असला पाहिजे. एका पिढीच्या आयुष्यात किनारा एक-दीड किलोमीटर आत येण्याचा हा अनुभव होता.

जमीन आणि समुद्र यांच्या या बदलत्या नात्याचा एक ठसठशीत पुरावा वसईपासून जवळच, मुंबईत मिळाला. १८७० च्या दशकात प्रिन्सेस डॉकचे खोदकाम चालू असताना भरतीच्या पातळीच्या बऱ्याच खाली, चिखलाच्या थराखाली एक संपूर्ण जंगल पुरलेले आढळले. साडेतीनशेहून अधिक झाडांच्या बुंध्यांपैकी कित्येक अजून उभेच होते आणि त्यांची मुळे मूळच्या मातीत रोवलेली होती. ही झाडे प्रामुख्याने खैराची होती. खैर खाऱ्या पाण्यात वाढत नाही. तेथे एके काळी कोरडी जमीन होती, ती पाण्याखाली गेली आणि तिच्यावर खाडीचा चिखल साचला, हे उघड होते.

तीन पट्ट्यांची भूमी

समुद्र स्थिरावल्यानंतर वसईचा आजचा प्रदेश घडू लागला. त्याचे स्थूलमानाने तीन पट्टे पडतात. पहिला, पूर्वेकडील डोंगर आणि त्यांच्या पायथ्याची मुरमाड जमीन. दुसरा, पश्चिमेकडील वाळूचा उंचवटा. पावसाळ्यात नैर्ऋत्येकडून येणाऱ्या लाटांनी वाळू आणि शिंपले किनाऱ्यावर लोटले, वाऱ्याने ते आणखी आत नेऊन रचले आणि किनाऱ्याला समांतर असे बांध तयार झाले. आगाशी, निर्मळ, गास, भुईगाव यांसारखी जुनी गावे आणि त्यांच्या वाड्या प्रामुख्याने याच पश्चिम पट्टीत वसल्या.

तिसरा पट्टा या दोहोंच्या मधला. वाळूच्या बांधामागे आडोसा मिळाल्याने तेथे खाड्यांचे पाणी शांतपणे आत-बाहेर करीत राहिले, चिखल साचत गेला, त्यावर तिवरे वाढली. पुढे माणसाने बांध घालून या खाजणांची खारबंदिस्ती केली. कोठे भातशेती उभी राहिली, कोठे मिठागरे झाली. एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी वर्णनांतही वसईचा उल्लेख अरुंद खाडीने मुख्य भूमीपासून वेगळे झालेले बेट असाच येतो. आज ते बेटपण नजरेला जाणवत नाही. परंतु जमिनीखालचा चिखल त्याची साक्ष देतो.

किनाऱ्यावरील वाळूत काळ्या पाषाणातून सुटलेले गडद खनिजकण आणि शिंपल्यांचा पांढुरका चुरा यांचे मिश्रण असते. शिंपल्यांतील चुना पाण्यात विरघळून पुन्हा साखळला, की वाळू एकमेकांस घट्ट चिकटते आणि तिचा दगड बनतो. मुंबई व कोकण किनाऱ्यावर असे दगड अनेक ठिकाणी आढळतात आणि भूवैज्ञानिक त्यांना ‘लिटोरल काँक्रीट’ म्हणतात. ते भरतीच्या रेषेपेक्षा वर आढळले, तर समुद्र किंवा जमीन यांची पातळी तेव्हापासून बदलली असल्याचे ते निदर्शक ठरते.

सोपाऱ्याचे बंदर

या भूरचनेचा इतिहासावर झालेला परिणाम पाहायचा, तर सोपाऱ्याकडे वळावे लागते. शूर्पारक हे नाव महाभारतात आणि बौद्ध जातककथांत येते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक सागरी मार्गदर्शिकेतही या बंदराची नोंद आहे. एप्रिल १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी बुरूड राजाचा कोट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या टेकाडाचे उत्खनन करून तेथील बौद्ध स्तूप उजेडात आणला. सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही सोपाऱ्यातच मिळाला. नवव्या शिलालेखाचा तुकडा १९५६ मध्ये भुईगाव येथे सापडला.

इतके नावाजलेले हे बंदर आज समुद्रापासून काही किलोमीटर आत आहे. नालासोपारा स्थानकावर उतरणाऱ्या प्रवाशाला तेथे कधी जहाजे लागत असतील, याची कल्पनाही येत नाही. बंदरे मागे पडण्यास राजकीय सत्तांतरे, व्यापारी मार्गांतील बदल अशी अनेक कारणे असतात. परंतु ज्या खाड्यांतून जहाजे सोपाऱ्यापर्यंत येत, त्या गाळाने भरत गेल्या, हे त्यांतील एक महत्त्वाचे कारण मानले जाते. व्यापार पुढे ठाणे, वसई यांसारख्या खोल खाड्यांवरील बंदरांकडे सरकला. १५३४ मध्ये पोर्तुगीजांच्या ताब्यात गेलेली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी जिंकलेली वसई खाडीच्या मुखावरच उभी आहे.

वाळूतील गोडे पाणी

वसईची केळी, विड्याची पाने, फुले आणि भाजीपाला यांची ख्याती सर्वदूर आहे. आगाशीची सुकेळी आजही आवर्जून मागवली जातात. समुद्र हाकेच्या अंतरावर असताना या वाड्या गोड्या पाण्यावर कशा पोसल्या गेल्या, याचे उत्तर वाळूच्या पट्ट्यात आहे. पावसाचे पाणी वाळूत भराभर मुरते. गोडे पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे ते खाली शिरलेल्या समुद्राच्या पाण्यावर भिंगाच्या आकाराने तरंगत राहते. विहिरी आणि बावखले हे साठे वापरण्याचे परंपरागत मार्ग होत. बावखल म्हणजे वाडीत खोदलेले तळ्यासारखे मोठे खोदकाम. पावसाळ्यात ते भरते, उन्हाळ्यात शिंपणाला उपयोगी पडते आणि त्यातील पाणी मुरून आसपासच्या विहिरींनाही आधार देते.

या साठ्याचे गणित नाजूक असते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डच व जर्मन अभियंत्यांनी मांडलेल्या नियमानुसार, समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक मीटर असेल, तर खाली सुमारे ४० मीटरपर्यंत गोडे पाणी टिकू शकते. प्रत्यक्षात वाळूच्या थराची जाडी आणि खालचा खडक यांनुसार हा आकडा बदलतो. परंतु तत्त्व कायम राहते. उपसा करून वरची पातळी दहा सेंटिमीटरने खाली आणली, तर खालून खारे पाणी चार मीटर वर सरकण्याची शक्यता निर्माण होते. म्हणूनच टँकरसाठी होणाऱ्या बेसुमार उपशाला वसईत तीव्र विरोध झाला. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखालील हरित वसई संरक्षण समितीने हा प्रश्न लावून धरला. शहराला आता सूर्या धरणाचे पाणी मिळते. तरीही बावखले बुजवली गेली आणि वाळूवर काँक्रीट पसरले, तर पावसाचे पाणी मुरण्याची वाटच बंद होते.

वाळूचा जमाखर्च

पुळण स्थिर दिसली, तरी तेथील वाळू सतत प्रवासात असते. नद्या नवी वाळू आणतात, लाटा ती किनाऱ्याने वाहून नेतात, पावसाळ्यात किनारा झिजतो आणि हिवाळ्यात काही अंशी पुन्हा भरतो. जमा आणि खर्च यांचा मेळ बसला, तरच किनारा जागेवर राहतो.

यांतील जमेची बाजू गेल्या शतकभरात आटली. वैतरणा आणि तिची उपनदी तानसा यांवर मुंबईला पाणी पुरवणारी तानसा (१८९२), मोडकसागर (१९५७), त्यानंतर अप्पर वैतरणा आणि मध्य वैतरणा ही धरणे उभी राहिली. धरणात पाण्याबरोबर गाळही अडतो. दुसरीकडे वैतरणेच्या आणि वसईच्या खाडीतून बांधकामासाठी रेती काढली जाऊ लागली. पूर्वी डुबी मारून हातपाटीने निघणारी रेती पुढे सक्शन पंपांनी उपसली जाऊ लागली. पश्चिम रेल्वेच्या वैतरणा पुलांच्या परिसरातील उपशामुळे पुलांच्या सुरक्षिततेचा प्रश्न वारंवार चर्चेत आला. पाणजू बेटाच्या आसपासही हीच चिंता व्यक्त होत आली आहे.

खर्च वाढला, की त्याची खूण किनाऱ्यावर उमटते. भुईगाव, रानगाव, कळंब, अर्नाळा या भागांत सुरूची झाडे मुळांसकट उन्मळून पडल्याच्या घटना घडल्या आहेत. वैतरणेच्या मुखाशी असलेल्या अर्नाळा बेटावरील मच्छीमार वस्तीची घरे उधाणाच्या माऱ्यात सापडतात. त्यावर उपाय म्हणून धूपप्रतिबंधक बंधारे बांधले जातात. मागच्या घरांचे रक्षण त्यांनी होते. मात्र लाटांचा जोर बंधाऱ्यावर आपटून त्याच्या पायथ्याची वाळू उचलतो आणि बंधारा संपतो तेथे धूप वाढू शकते. मूळ दुखणे वाळूच्या तुटीचे असेल, तर केवळ दगड रचून ते बरे होत नाही.

नदीतील रेती अपुरी पडू लागल्याने आता समुद्रतळावरील वाळूकडे लक्ष वळले आहे. पालघर जिल्ह्यातच डहाणूजवळ वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. या बंदराच्या भरावासाठी दमणसमोरील समुद्रतळावरची वाळू वापरण्याची योजना आहे. अशा उपशाचा मासेमारीवर व किनाऱ्यावर काय परिणाम होईल, हे ठरवताना तळाचे थर, प्रवाह आणि वाळूचा मूळ स्रोत यांचा अभ्यास निर्णायक ठरतो. हिमयुगानंतरच्या काळात साचलेली वाळू एकदा उचलली, तर ती पुन्हा भरून येईलच असे नाही.

पूर आणि चिखलाचा पट्टा

जुलै २०१८ मध्ये झालेल्या अतिवृष्टीत वसई, नालासोपारा आणि विरारमधील मोठा भाग दिवसेंदिवस पाण्याखाली राहिला, लोकल सेवा खंडित झाली आणि मिठागरांवरील कामगारांना सुटकेची वाट पाहावी लागली. मोठा पाऊस हे तात्कालिक कारण होते. पाणी साचले ते मात्र प्रामुख्याने सखल पट्ट्यांत. डोंगरावरून उतरणाऱ्या पाण्याची पश्चिमेची वाट वाळूच्या उंचवट्याने अडते आणि त्याला उत्तर-दक्षिण खाड्यांमार्गेच समुद्र गाठावा लागतो. त्याच वेळी भरती असेल, तर ही दारेही बंद होतात. या किनाऱ्यावर उधाणाच्या भरतीओहोटीतील फरक चार मीटरांहून अधिक असतो. पूर्वी खाजणे आणि मिठागरे हे पाणी काही तास पोटात घेत असत. तेथे भराव पडला, तर पाणी शेजारच्या वस्तीत शिरते.

समुद्रपातळीही पुन्हा वर सरकत आहे. १९९३ पासूनच्या उपग्रह मोजमापांनुसार जागतिक सरासरी वाढ वर्षाला तीन मिलिमीटरहून अधिक आहे. हिमयुगानंतरच्या वाढीच्या तुलनेत हा वेग कमी वाटतो. त्या काळी किनारा सरकला, तर माणसे आपला मुक्काम हलवू शकत होती. आज किनाऱ्यावर शहर उभे आहे.

प्रत्येक पायाखाली एक नोंद

३ जुलै २००९ रोजी अस्तित्वात आलेल्या वसई-विरार शहर महानगरपालिकेच्या हद्दीत इमारतींचे काम अखंड चालू आहे. सखल भागातील मऊ चिकणमाती भार पडल्यावर दबते, म्हणून पाया घालण्यापूर्वी जमिनीत भोके पाडून थरांची तपासणी करावी लागते. चिखल किती जाड आहे, वाळू कोठे लागते, खडक किती खोल आहे, याची नोंद अशा प्रत्येक तपासणीत होते. एरवी या नोंदी त्या त्या बांधकामाच्या कागदपत्रांतच राहतात. त्या एकत्र करून नकाशावर मांडल्या, तर वसईखालच्या जुन्या खाड्या, बुजलेली पात्रे आणि गोड्या पाण्याचे साठे यांचे चित्र फारशा जादा खर्चाविना उभे राहू शकेल. कोठे भराव टाळावा, कोणते बावखल राखावे, कोणत्या नाल्याची रुंदी कमी करू नये, हे ठरवण्यास त्यापेक्षा भक्कम आधार दुसरा नाही. इमारत उभी राहिल्यानंतर मात्र तिच्याखालचा थर पुन्हा सहजासहजी तपासता येत नाही.